पहाटेची वाट पाहणारी विमानं



लागोपाठ दोन वर्षं प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर लढाऊ वैमानिकांवरचा एकेक हिंदी सिनेमा आला. २०२४ साली २५ जानेवारीला ‘फायटर’ लागला, २०२५ साली २४ जानेवारीला ‘स्काय फोर्स’. असा सिनेमा लागला की थिएटरात टाळ्या-शिट्ट्या होतात आणि बाहेर आल्यावर थोडी मंडळी वेगळाच हिशोब मांडून बसतात. हे विमान तेव्हा आपल्याकडे होतं का, इतक्या जवळून कुणी क्षेपणास्त्र सोडतं का, शत्रूच्या वैमानिकाशी अशा गप्पा होतात का, असे त्यांचे प्रश्न असतात. या विमानप्रेमींची महाराष्ट्रात वाण नाही. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० तयार झाली, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईंची ये-जा रोजची आहे. आपल्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वर पाहिलं तर दिसणारी पांढरी रेघ, एवढीच इथल्या अनेकांची विमानाशी ओळख. तरीही आवाजावरून विमानाची जात सांगणारी पोरं आपल्याकडेही आहेत. त्यांच्या या चिकित्सेला बरेच जण किरकिर म्हणतात. मला ती किरकिर वाटत नाही. वैमानिकाचं शौर्य नेमकं कशात असतं, हे त्या चिकित्सेवाचून कळतच नाही, असं माझं म्हणणं आहे आणि तेच आज पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी एक भेद करू. सगळ्या चुका सारख्या नसतात. १९६९ साली ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हा इंग्रजी सिनेमा आला. त्यातली जर्मन मेसरश्मिट विमानं खरं तर स्पेनमध्ये बांधलेली बुचॉन जातीची होती. त्यांचं इंजिन वेगळं, नाकाचा आकार वेगळा. जाणकारांनी ते तेव्हाच ओळखलं, पण आजही ते या सिनेमाला मानतात, कारण पडद्यावरची विमानं खरोखर उडत होती आणि त्यांना वजन होतं. दुसरी चूक शरीराची. लढाऊ विमान जोराने वळतं तेव्हा वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भार येऊ शकतो. सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी सहाशे तीस किलो होतं, म्हणजे क्विंटल-क्विंटलची सहा पोती अंगावर रचल्यासारखं. रक्त डोक्याकडून पायांकडे उतरतं. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, शेवटी डोळ्यांपुढे अंधार येतो आणि शुद्ध जाते. ते टाळण्यासाठी अंगातल्या खास पोशाखात हवा भरते आणि पाय-पोट आवळले जातात. वैमानिक स्वतःही मांड्या आणि पोट घट्ट करतो, श्वास कोंडतो, दर तीनेक सेकंदांनी तो झटक्यात सोडून पुन्हा भरतो. अशा अवस्थेत सिनेमातला नायक हसत हसत लांबलचक संवाद म्हणतो. ताशी नऊशे किलोमीटर वेगाचं विमान एका सेकंदात पाव किलोमीटर जातं. एक वाक्य बोलायला चार सेकंद लागले तर तेवढ्यात एक किलोमीटर मागे पडला. नाकाच्या आकारातली चूक सोडून देता येते. ही सोडता येत नाही, कारण इथे कष्टच पुसले जातात, आणि कष्ट पुसले की शौर्याला मोजमाप उरत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या चुकीने वेळ, इंधन आणि निर्णय खोटे ठरतात ती मोठी चूक, बाकीच्या लहान. ही कसोटी आपल्या ओळखीच्या सिनेमाला लावून पाहू. १९९७ सालचा जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ आपल्याकडे गावोगावी पाहिला गेला. त्यात दाखवलेलं राजस्थान सीमेवरचं लोंगेवालाचं ठाणं मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सव्वाशेच्या आसपास जवानांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री धरून ठेवलं. समोर पाकिस्तानी रणगाडे होते. जैसलमेरच्या तळावर आपली हंटर विमानं होती, पण रात्रीच्या अंधारात रणगाडे शोधून मारण्याची साधनं त्यांच्यात नव्हती. सूर्य उगवेपर्यंत काहीच करता येत नव्हतं. पाच तारखेला उजाडलं, हंटर आले आणि उघड्या वाळवंटात लपायला जागा नसलेल्या रणगाड्यांचा फडशा पडला. या सिनेमावर जाणकारांचे आक्षेप आहेत. पडद्यावर कितीतरी जवान धारातीर्थी पडतात, प्रत्यक्षात ठाण्यावरच्या दोन जवानांना वीरमरण आलं. हवाई दलाचा वाटाही सिनेमात कमी दाखवलेला आहे. पण पहाटेची वाट मात्र दत्तांनी जपली, आणि प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो तो त्या वाट पाहण्यामुळेच. विमानाची एक तांत्रिक मर्यादा हीच त्या रात्रीची कथा आहे. ती काढून टाकली असती, हंटर रात्रीच उडवले असते, तर चांदपुरींच्या जवानांनी ती रात्र कशासाठी काढली हेच कळलं नसतं.

याहून मोठा पुरावा ‘स्काय फोर्स’च्या मुळाशी आहे. सिनेमात नावं बदललेली आहेत. ज्यांच्यावरून तो सुचला ते स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या कर्नाटकातल्या कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आदमपूरहून मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर निघाली. देवय्या राखीव वैमानिक होते. कुणाचं विमान ऐनवेळी नादुरुस्त झालं तरच त्यांनी जायचं. ते गेले आणि परत आले नाहीत. सरगोधा मिस्टेअरच्या पल्ल्याच्या अगदी टोकाला होतं. हल्ला करून घरी पोचायला पुरेल, जेमतेम तेवढंच इंधन. परतीच्या वाटेवर त्यांना पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने गाठलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, मिस्टेअर सरळ उडताना आवाजाच्या वेगालाही न पोचणारं. देवय्यांनी झुंज घेतली, स्टारफायटर पाडलं, त्याचा वैमानिक हवाई छत्रीने वाचला. देवय्या गेले. भारतात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते उजेडात आलं १९७९ साली, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून. एका मिस्टेअरने आपलं स्टारफायटर पाडलं, अशी पाकिस्तानची बाजू त्यात आली होती. इकडच्या नोंदींशी ताळा पाहिला गेला, तेव्हा त्या मोहिमेतून न परतलेलं मिस्टेअर देवय्यांचंच निघालं. १९८८ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. श्रोतेहो, इथे जरा थांबून विचार करा. ते विमान मिस्टेअर की हंटर, तारीख कोणती, वेळ कोणती, कोण परतलं आणि कोण नाही, या बारीकसारीक बाबींची कुणी फिकीर केली नसती, तर एका वीराचं नाव बेपत्तांच्या यादीतच राहिलं असतं. विमानप्रेमी थिएटरबाहेर जे करतात ते याच जातीचं काम आहे.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की सिनेमा करमणुकीसाठी असतो, तो काही पाठ्यपुस्तक नाही. हे मान्यच आहे. पण लोंगेवालाच्या रात्रीने दाखवलं आहे की खरी अडचण कल्पित अडचणीपेक्षा जास्त खिळवून ठेवते. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. सैन्याची सगळी माहिती पडद्यावर कशी आणायची? आणूच नये. रडारचा पल्ला, क्षेपणास्त्रांची क्षमता, डावपेच हे झाकूनच ठेवायला हवेत. पण कोंडलेला श्वास, उतरत जाणारा इंधनाचा काटा, आकाशाचा रंग यांत कसलं गुपित आहे?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. अशा सिनेमांनी पोरांना सैन्याची ओढ लागते, सगळं खरं दाखवलं तर ती बिचकतील, असं म्हणतात. त्यावर माझ्यासमोर २७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ येते. बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काश्मीरवर हवाई चकमक चालू असताना बडगामजवळ आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक गावकरी त्यात गेले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्या सहांपैकी एक. ती मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. एवढी मोठी संस्था आपली चूक उघड सांगू शकते, तर सिनेमाने त्याहून भित्रं का असावं? आणि पोरं बिचकत नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात देशाचे हवाई दलप्रमुख होते, म्हणजे ही वाट मराठवाड्याला नवी नाही. सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था शेजारी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. गेवराईच्या किंवा आष्टीच्या मुलाला वैमानिक व्हायचं असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. नऊपट भाराचं गणित पडद्यावर खरं दिसलं, तर वर्गातलं ते गणित कशासाठी आहे हे त्याला आपसूक कळेल.

विमानप्रेमींनाही एक सांगणं आहे. रंग, क्रमांक आणि पंखांचा आकार यांतच अडकू नका. विमानाची जात बरोबर आणि माणसाचा निर्णय खोटा, असा सिनेमा तुमच्या यादीत आधी यायला हवा. आणि चूक दाखवाल तेव्हा खरं काय होतं तेही सांगा, कारण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ते कदाचित पहिल्यांदाच कळणार असतं. बाकीच्या आपण सगळ्यांनी पुढचा असा सिनेमा पाहताना मनाशी तीन प्रश्न ठेवावेत. आत्ता किती वाजलेत? परत यायला इंधन किती उरलंय? आणि या माणसापुढे दुसरा कोणता मार्ग होता? त्या पहाटे सरगोध्याच्या आकाशात देवय्यांकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती. इंधनाचा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो पाहूनच त्यांनी विमान स्टारफायटरच्या दिशेने वळवलं.