ठाऊक आहे, पण अडते कोठे?



देवळाली कॅम्पच्या आसपासच्या शेतकऱ्याला खालून हवा खेळणारी कांदाचाळ ठाऊक आहे. उन्हाळ कांदा तीत चार-पाच महिने टिकतो. तरी कित्येकजण काढणी होताच मिळेल त्या भावाने माल विकतात. हे अज्ञान नव्हे. चाळीला आधी पदरचे पैसे लागतात, अनुदान मागाहून. कर्ज काढावे तर सातबारा सामाईक. आजोबांचे नाव तसेच, भावांची संमती नाही. जमीन महसूल संहिता, 1966, कलम 85 प्रमाणे वाटणीची सोय आहे. सहमती असल्यास तहसील कचेरीत अर्ज करता येतो. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी सारे भाऊ एक झाले. तसेच वारसनोंदीसाठी एकत्र चावडीवर जावे, ही नम्र विनंती.