परड्यातले फळ आणि हातातली विद्या
(जीर्णोद्धार सोहळ्यातील ग्रामसभेत केलेले भाषण)



देवळाच्या कामाची हकीकत अध्यक्षांनी सविस्तर सांगितली आहे. तीच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेत नाही. मला बोलायचे आहे ते आपल्या परड्यांतल्या झाडांविषयी.

पूर्वी फणस उतरला की तो एका घराचा राहत नसे. कापा निघाला तर गरे वाडीभर जात. बरका निघाला तर शेजारच्या चार बायका जमून साटे घालीत आणि वाळल्यावर वाटून घेत. आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवीत. ओल्या काजूचे गर काढायलाही अशाच बायका जमत. चिकाने हात सोलवटतात म्हणून हाताला तेल नाहीतर राख लावून बसत.

आज निम्म्या घरांना कुलूप आहे. झाडे मात्र दरवर्षी धरतात. रातांब्यांचा तर सगळा खेळ मिरगाच्या आतला. पहिला पाऊस पडला की फळ झाडाखाली कुजून जाते. शेजाऱ्याला ते दिसते, पण धन्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या परड्यात शिरायचे कसे? हा संकोच चांगलाच आहे, पण त्यापायी फळ मातीत जाते.

फळापेक्षा मला धास्ती आहे ती विद्येची. रातांब्याची साल मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. आमसुलाला किती पुटे द्यायची, हे आपल्या म्हाताऱ्या बोटाने चाचपून सांगतात. बिया कुटून, उकळून मुठेल काढणारी घरे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. कलमांचेही तेच. बी लावून वाढवलेली रातांबीची झाडे जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. म्हणून मादी झाडाचे कलम बांधायचे. त्यातही काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची घेतली तर झाड जन्मभर आडवेच पसरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात काजूची, कोकमाची चांगली कलमे मिळतात, ती जरूर आणावीत. पण बांधणारा हात गावात असला तर आपल्याच परड्यातले गोड झाड टिकते.

तेव्हा माझी विनंती मुंबईकरांना आहे. आपण देवळाला सढळ हाताने वर्गणी दिलीत. आता आपल्या परड्यातली फळे कोणी उतरावीत, एवढे लेखी कळवा. निम्मा माल आपला ठेवून घेऊ, आमसुले करून गणपतीला आलात की हाती देऊ. (पैशाचा हिशेब मध्ये आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भांडणे तिथूनच सुरू होतात.)

आणि वैशाखात नवा सभामंडप दुपारचा रिकामाच असतो. तिथे आठ दिवस आपल्या आजीबाईंनी बसावे, सुनांनी आणि मुलग्यांनीही शिकावे. मुलग्यांनी म्हणतो, कारण विळीला कोणाचाही हात चालतो. ऊन मात्र अंगणात लागेल. त्यासाठी देवळापुढचे खळे सारवून ठेवायचे गुरवांनी कबूल केले आहे. नावे त्यांच्याकडेच द्यावीत.