जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा मुलूख



अध्यक्ष म्हणून बोलताना सुरुवात करायची आहे ती आज उमापूरच्या या साहित्य संमेलनात नसलेल्यांपासून. दसरा झाला की गेवराईपासून आष्टी, पाटोदा, धारूरपर्यंत घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसं भांडीकुंडी आणि लेकरं गाडीत घालून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूरला, कुणी थेट बेळगाव-बागलकोटला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. फडाजवळ कोपी उभी राहते, अंधारातच तोड सुरू होते, मोळ्या वाहून गाडी भरली जाते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गाव फक्त फोनवर भेटतं. म्हातारी माणसं मागे राहतात.

संमेलनाने विषय दिला आहे तो विविधता, स्थलांतर आणि राष्ट्रीय मूल्यं यांचा. या विषयावर बोलायला उठलेले वक्ते बहुधा परदेशात एक फेरी मारून येतात. कॅनडाने १९७१ साली बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारलं, युरोपात निर्वासितांच्या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात, हे सगळं खरं आहे आणि माहीत असायलाही हवं. पण बीड जिल्ह्याने हा विषय उसना आणण्याची गरज नाही. परमुलखात परकं म्हणून राहणं काय असतं, ते आपल्या गावोगावच्या बायका कुठल्याही विद्वानापेक्षा नेमकं सांगतील. पाणी कुठून भरायचं, आजारी लेकरू कुठे न्यायचं, ज्या शाळेत कानडी शिकवतात तिथे आपल्या पोराने काय करायचं, हे त्यांचे रोजचे प्रश्न आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्या माणसाला परमुलखात जी वागणूक मिळावी असं आपल्याला वाटतं, ती आपल्या गावात आलेल्या परक्याला आपण देतो का, यावर आपली राष्ट्रीय मूल्यं तपासावीत.

आपल्या इतिहासाकडेही याच नजरेने पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या प्रजेचा कारभार उर्दूत चालत असे. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. आपल्या भाषेत शिकता येत नाही, ही बोच खरी होती आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने दिलेला लढा न्यायाचा होता. निजामसमर्थक रझाकारांचे अत्याचार विसरायचे नाहीत. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांना जे सोसावं लागलं आणि सुंदरलाल समितीने ज्याची नोंद केली, तेही विसरायचं नाही. एक आठवायचं आणि दुसरं गाळायचं, असा निवडक इतिहास शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कायमची अढी ठेवतो.

त्या राज्याची भाषाही आपण टाकून दिली. मग २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीवरून निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा दाखला शोधायला उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. आपण कोण, हे सांगणारे कागद आपल्यालाच वाचता येत नव्हते!

संतांचं नाव घेतल्याशिवाय गोदाकाठी भाषण पुरं होत नाही, म्हणून घेतो. पण त्यांना केवळ समन्वयाचे पुतळे करू नका. शेजारच्या पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यातले दोघे सुरुवातीपासून गळ्यात गळे घालत नाहीत. ते कडाकडा भांडतात, एकमेकांच्या धर्मातली व्यंगं काढतात आणि मग समेटावर येतात. सोळाव्या शतकात हे भांडण लिहून ठेवण्याची हिंमत एका मराठी कवीने दाखवली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. दासोपंत बिदरच्या मुलखातून आले आणि अंबाजोगाईचे झाले. आज त्यांना उपरं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

आणि इथल्या बंजारा तांड्यांकडे पाहा. घरात गोरबोली, शाळेत मराठी, फडावर गरजेपुरती कानडी. या बंजारा समाजाला महाराष्ट्रात विमुक्त जातींत धरतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. माणूस तोच, बोली तीच. राज्याची हद्द ओलांडली की सरकारी रकाना बदलतो. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने कायदा केला, तोही आंतरराज्य मजुरांपुरता. बेळगावला गेलेला कोयता त्यात बसत होता, कोल्हापूरला गेलेला नाही. कष्ट मात्र दोघांचे सारखेच.

आता दुसरी बाजू. आपली माणसं बाहेर जातात, तशी बाहेरची इथे येतात. फरशी बसवणारा राजस्थानचा, पीओपी करणारा उत्तर प्रदेशचा, रस्त्याच्या कामावरचा बिहारचा. गोदावरीपलीकडच्या जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत मध्य प्रदेशचे मजूर राबतात. टाळेबंदीत त्यातले काही जण रुळांवरून पायी गावाकडे निघाले आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. त्याच दिवसांत आपले ऊसतोड मजूरही परजिल्ह्यांत अडकले होते. दोघांची घरी जायची ओढ एकच होती. या काळावर मराठवाड्यातून किती कथा-कवितांत लिहिलं गेलं, हा प्रश्न मी आपल्या सगळ्यांना, म्हणजे स्वतःलाही विचारतो.

इथे कुणी म्हणेल, की बाहेरचे येऊन मजुरी पाडतात, मराठी शिकत नाहीत. ही तक्रार उडवून लावू नये. कमी दराने माणूस आणणाऱ्याला जाब विचारावा. आलेल्या मजुराला धमकावून दर वाढत नाही. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण अपेक्षा करणाऱ्याने शिकवण्याची सोयही करावी. मारून शिकवलेली भाषा कुणी मनापासून बोलत नाही.

भारतात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. पण हक्काच्या पलीकडे उद्देशिकेत आणखी एक शब्द आहे : बंधुता. घटना समितीने आधी मंजूर केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो घातला, कारण त्याची गरज त्यांना दिसत होती. स्वातंत्र्य आणि समता मिळाली नाही तर कोर्टात जाता येतं. बंधुता मिळाली नाही तर कोणत्या कोर्टात जाणार?

आणि परक्यांचं सोडा, आपण आपल्यातल्या आपल्यात काय केलं? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर या जिल्ह्यात जात पाहून दुकानाची पायरी चढायची नाही, अशी भाषा ऐकू आली. पिढ्यान्‌पिढ्या एका बांधाला बांध असलेली माणसं आडनावं मोजू लागली. आरक्षणाच्या मागण्यांवर मतभेद असतील. ते आंदोलनात, विधिमंडळात, न्यायालयात मांडावेत. शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत ते नेऊ नयेत.

साहित्य संमेलनाच्या हाती सत्ता नसते, ठराव असतात. मी तीन सुचवतो. पहिला, पुढच्या संमेलनात गोरबोली आणि दखनी या बोलींना कविसंमेलनात मानाची जागा द्यावी आणि ते पट्टा पडल्यावर, ऊसतोडीची माणसं घरी असताना भरवावं. दुसरा, तालुक्याच्या ठिकाणी मोडी आणि उर्दू लिपीचा वर्ग सुरू करावा. तिसरा, परराज्यातून आलेल्या मजुराचं मूल गावच्या शाळेत घ्यायला शाळा व्यवस्थापन समित्यांनी स्वतःहून पुढे यावं. आपली मुलं कारखान्यावर गेल्यावर आपण तेच मागतो.

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर करण्याची प्रथा आहे. हे तीन तसे करू नका. ज्यांचा विरोध आहे त्यांनी व्यासपीठावर यावं आणि बोलावं, मी उत्तर देईन. भांडून मान्य झालेला ठराव अमलात येण्याची शक्यता जास्त.