चावीवाल्याच्या खिशातले कागद
(स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



मुलाला चावीचे दुकान घालून द्यायचे आहे, परवाना कोणता लागेल, असे एका पालकांनी मला विचारले. कुलूप-चावीच्या कामासाठी म्हणून आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. हे ऐकून ते खूष झाले. मी मात्र त्यांना बसवून घेतले.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२२ पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारे योग्य कारणावाचून जवळ सापडली, तर तो गुन्हा आहे. आता चावीवाल्याच्या पिशवीत असते काय? कानस, वाकवलेल्या तारा, कोऱ्या चाव्यांचा जुडगा! आणि लोकांना त्याची आठवण होते ती बहुधा रात्रीच. माझ्या ओळखीच्या एका मुलाला असेच गस्तीवर अडवले. बिचारा कुलूप उघडून घरी परतत होता; पण कोणाचे उघडले, त्या गृहस्थाचे नावही त्याने विचारले नव्हते. रात्र चौकीत गेली.

म्हणून एक वही ठेवा. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन, तारीख, सही. घर उघडायचे असेल तर ओळखपत्र आणि विजेचे बिल किंवा भाडेपावती पाहा. साबणावर छाप घेऊन कोणी आला, तर त्याला सरळ परत पाठवा. चार पैसे बुडाले तरी चालतील.

बाकीचे कागद सोपे आहेत. आपण ज्याला गुमास्ता म्हणतो, त्या दुकानाच्या नोंदणीऐवजी २०१७ च्या कायद्याने लहान दुकानाला केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरते. तिची पोच पिशवीत असू द्या. पदपथावर बसणाऱ्याने २०१४ च्या कायद्याखालील पथविक्रेता प्रमाणपत्र मिळवावे. उद्यम नोंदणी मोफत होते. दलालाला पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुलूप कारागीरही आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे.

अर्ज अडतो तो नावापाशी. आधारवर 'शेख' आधी, बँकेत शेवटी, शाळेच्या दाखल्यावर नाहीच! विद्यार्थी मित्रहो, दहावीचा फॉर्म भरताना आधार शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा.