भिंतीला विचारून फळी ठोका
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 चिंतामणीच्या कळंबातून तुमच्याशी बोलते आहे. कुणी तूर निवडत असाल, कुणी वाती वळत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आजचा विषय आहे आपल्या स्वयंपाकघरातली फळी. विषय साधा वाटेल, पण आधी आमच्या घरी काय झालं ते ऐका.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमाराला स्वयंपाकघरात धडाम आवाज झाला. दिवा लावून पाहते तर अख्खी फळी खाली. तेलाचा डबा फुटलेला, तुरीची डाळ तेलात, बरण्यांच्या काचा सगळीकडे. सासूबाई रोज तिथेच झोपतात. त्या रात्री नातवाला ताप होता म्हणून त्याच्याजवळ पुढच्या खोलीत निजल्या होत्या. त्यांची उशी असते नेमका तिथेच डबा पडला होता. माझे पाय लटपटले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "भितीले इचारल्याबिगर खिया ठोकू नये वं."

मी फळी बसवणाऱ्याला बोल लावून मोकळी होणार होते. सकाळी पाहिलं, तर ब्रॅकेट दीड इंची खिळ्यांनी ठोकलेले. वरचं प्लास्टर अर्धा इंच गेलं, तर विटेत खिळा शिरला किती? चूक त्याची होतीच. पण फळीवर किती वजन ठेवणार हे मी तरी त्याला कुठे सांगितलं होतं? मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिलं काम, वजन मोजा. आमच्या फळीवर काय होतं? तेलाचा डबा 15 किलो, तूरडाळ 10, साखर 5, तांदूळ 5, शिवाय बरण्यांचं आणि डब्यांचं वजन 4 किलो. झाले 39. म्हणजे जवळजवळ एक कट्टा माणूस झोपतो त्या जागेच्या वर टांगलेला. त्यात फळीचं स्वतःचं वजन वेगळं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, इंचभर जाड सागाची फळी साडेचार-पाच किलोची असते. तेवढ्याच मापाचा कडप्पा अठरा-एकोणीस किलो भरतो. कडप्पा ब्रॅकेटवर टांगायची वस्तू नाही. तो भिंतीत खाच घेऊन बसवावा, नाहीतर खालून विटांचे पाय द्यावेत.

दुसरं काम, भिंत ओळखा. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर प्लास्टर सुटलेलं आहे, ती जागा सोडा. कोपऱ्यात बारीकसं भोक पाडून पाहा. लाल भुकटी निघाली तर वीट, करडी निघाली तर सिमेंट, आणि भुरभुर माती निघाली तर मातीची भिंत किंवा मातीत रचलेल्या विटा. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीवर वजनाची फळी टांगूच नका. तिथे पायांची मांडणी किंवा लोखंडी रॅक ठेवा, म्हणजे भार जमिनीवर जाईल. रॅक पुढे कलंडू नये म्हणून वरच्या बाजूने घराच्या खांबाला तारेने बांधा. आपल्या जुन्या घरांत कोनाडे आणि फडताळं भिंत बांधतानाच ठेवत, ते उगाच नाही.

आता विटा-सिमेंटची भिंत आहे असं धरू. फळी पडते कशी ते आधी समजून घेऊ. पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर पेलते. हात लांब करून धरली तर खांद्याला ओढ बसते. फळीचंही तसंच. वजन भिंतीपासून जितकं पुढे, तितका ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून ओढला जातो. म्हणून काटकोनी ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला आणि आखूड बाजू फळीखाली लावायची. आखूड बाजू फळीच्या रुंदीच्या निदान दोन-तृतीयांश हवी. म्हणजे बारा इंची फळीला आठ इंच. तीन फुटी फळीला दोन नाही, तीन ब्रॅकेट. आणि जड डबे नेहमी भिंतीला टेकवून, पुढच्या काठावर नाही.

खिळे नकोत, स्क्रू घ्या. दुकानात प्लॅस्टिकची गिट्टी मागा. गिट्टी म्हणजे खडी नव्हे, भोकात बसते ती छोटी नळी. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि विटेला घट्ट धरते. आठ मिलिमीटरची गिट्टी असेल तर ड्रिलचं पातंही आठचंच हवं. भोक मोठं झालं की गिट्टी फिरत राहते आणि काही धरत नाही. प्लास्टर सोडून निदान दीड-दोन इंच स्क्रू विटेत जायला हवा. भोक गिट्टीपेक्षा थोडं खोल पाडा आणि आतली भुकटी सायकलच्या पंपाने उडवून टाका. भुकटी राहिली तर पकड येत नाही. दाराच्या, खिडकीच्या किंवा भिंतीच्या कडेपासून चार इंच आत राहा, नाहीतर वीट फुटते.

फळी सरळ बसवायला पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, तिथे पेन्सिलीने खुणा करा. आपले गवंडी असंच करतात.

भोक कुठे पाडू नये? लाइटच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत नाही, कारण आतून वायर गेलेली असते. नळाच्या वरही नाही. पायात कोरडी चप्पल घाला, हात कोरडे ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. आणि शेगडीच्या किंवा चुलीच्या बरोबर वर फळी नको. धग लागते, तेलकट धूर बसतो, आणि वरचा डबा काढताना पदर खाली जाळावर येतो. माणूस झोपतो त्या जागेवर तर नकोच नको.

फळी लागली की लगेच सामान रचू नका. आधी विटा ठेवा. एक वीट साधारण तीन किलोची धरा. तुमचं सामान चाळीस किलो असेल, तर पंधरा-सोळा विटा सावकाश रचा आणि रात्रभर राहू द्या. खाली कुणी बसू नये, लेकरांना दूर ठेवा. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. सकाळी रेघ आणि ब्रॅकेट यांच्यात फट दिसली, तर विटा उतरवा आणि काम पुन्हा करा. आमची फळी यावेळी अशीच तपासली. तेलाचा डबा मात्र आता खाली, ओट्याखाली असतो.

आता काय कुठे ठेवायचं ते पाहू. हे आपल्या आज्यांनी उतरंडीत शिकवून ठेवलं आहे. सर्वांत मोठं मडकं तळाशी, लहान वर. जड ते खाली, रोजचं ते हाताशी, हलकं आणि क्वचित लागणारं वर. गव्हाची कोठी, तांदळाचा कट्टा जमिनीवर, पण थेट फरशीवर नाही. खाली लाकडी पाट किंवा विटांवर फळी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. ओल चढत नाही आणि मागे उंदीर लपला तर दिसतो. मीठ-मसाले, चहा-साखर डोळ्यांच्या उंचीला. पापड-कुरडयांचे डबे वर. डब्यावर भरल्याची तारीख चिकटवा आणि जुनं आधी संपवा. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचं किमान माप 25 चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्याशा जागेत भिंतीचा नीट उपयोग केला नाही, तर सगळं पायात येतं.

एक गोष्ट मात्र त्या फळीवर कधीच येता कामा नये, ती म्हणजे फवारणीचं औषध. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते शेतात झालं. पण उरलेली बाटली आपण आणून कुठे ठेवतो? पुष्कळ घरांत डब्यांच्या मागे, सर्वांत वरच्या फळीवर, "लेकरांचा हात पोचत नाही" म्हणून. फळी पडली, बाटली फुटली, की ते विष पिठात आणि डाळीत. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलं असेल, तर तहानलेलं लेकरू ते तोंडाला लावेल. औषध त्याच्या मूळ बाटलीतच ठेवा, घराबाहेर, कुलपात. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांचा वायू माणसालाही मारतो, त्या राहत्या घरात वापरूच नका. धान्य कडक उन्हात वाळवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळीला तेलाचा हात लावा. आणि कुणाला विषबाधा झालीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल.

शेवटचं सांगते. ड्रिल मशीन एका घराने घ्यायची गरज नाही. बचत गटाने मिळून एक घ्यावी. आमच्याकडे पहिलं भोक पाडताना माझा हात थरथरला, तिसऱ्याला नाही. घरधनी घरी येईपर्यंत, मिस्त्रीला वेळ मिळेपर्यंत कशाला थांबायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फळीवरच्या सामानाचं वजन लिहून आणा, आणि त्या फळीखाली कोण झोपतं तेही. मग आधी कुणाच्या घरी जायचं ते आपोआप ठरेल.

आज रात्री निजण्याआधी एकदा मान वर करून बघा.