टाचेचा ठणका आणि मापाचा सोल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. आता थोडा वेळ पायाविषयी बोलू. वेचणीच्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा घरोघर एकच तक्रार ऐकू येते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं चाललं की मोकळं वाटतं आणि दिवस मावळला की पुन्हा ठणका.

आम्ही पडलो शेतकीचे पदवीधर, तेव्हा आधी हिशेब. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. कपाशीच्या ओळी तीन फुटांवर असल्या तर एकर वेचायला साडेचार किलोमीटर चाल पडते, तीही कमरेला ओटी बांधून. दीड फुटी पासेचा वखर एकरभर एकदा फिरला की नऊ किलोमीटर झाले. कॉलेजात आम्हाला बैलजोडीचा खर्च काढताना वैरण, पेंड, खुराची पत्री, सगळं धरायला शिकवलं. वखरामागं चालणाऱ्याच्या पायात काय असतं, हे कुणी विचारलं नाही. ओटी बांधणारीच्या पायाचं तर नावच नको.

आता दुखणं काय ते पाहू. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा ताणलेला असतो. धनुष्याची दोरी जशी कमान धरते, तसा तो तळव्याची कमान धरतो. रोज तोच ताण बसला की टाचेजवळ तो दुखावतो. डॉक्टर याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं की माणूस घाबरतो. पण असं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं. त्यामुळे नुसत्या फोटोवरून कुणी ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

मापाचा सोल, ज्याला ऑर्थोटिक म्हणतात, तो इथं कामाला येतो. पायाचा ठसा प्लास्टरमध्ये किंवा मऊ फोममध्ये घेतात आणि त्यावरून प्लास्टिकचा किंवा दाट फोमचा सोल घडवतात. त्याला टाचेची खोलगट वाटी असते आणि कमानीखाली उंचवटा असतो. लोखंडी धावेची गाडी काळ्या रानात रुतते, रबरी टायरची रुतत नाही. वजन तेच, टेकायची जागा मोठी. सोल तेच करतो. टाचेवरचा भार सगळ्या तळव्यावर पसरवतो आणि पट्ट्यावरचा ताण हलका करतो. एक पाय आखूड असल्यानं कंबर-पाय दुखत असेल तर टाचेखालची उंची उपयोगी पडते. मात्र कमरेतून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर ते दुखणं बहुतेक वेळा मणक्याचं असतं, सोलनं जाणार नाही. गुडघ्याच्या झिजेलाही सोलचा फारसा उपयोग दिसलेला नाही. सपाट तळवा दुखत नसेल तर त्याला काहीच करू नका.

शहरातल्या दुकानात यंत्रावर उभं करून संगणकावर लाल-पिवळं चित्र दाखवतात. टाच लाल दिसते. अहो, उभ्या माणसाची टाच लाल दिसणारच, वजन तिच्यावरच असतं! त्या चित्रावर हजारो रुपयांचा सोल गळ्यात मारतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टाचदुखीच्या सव्वाशेहून जास्त रुग्णांवर केलेली पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी चालण्या-फिरण्यात थोडा फायदा दिसला, पण तो मापाच्या सोलनं जेवढा, जवळपास तेवढाच तयार सोलनं. वर्षानंतर तर फरकच उरला नाही. तेव्हा साध्या टाचदुखीला आधी तयार सोल वापरा. पायाची ठेवण वेडीवाकडी असेल किंवा तयार सोलनं भागत नसेल, तर मापाचा बघा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथं असं काम होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस असा माणूस यावा, ही मागणी आपण लेखी देणार आहोत.

सोल अंगठ्याच्या चपलेत टिकत नाही, मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट लागतो. पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरा, रोज थोडं वाढवा. चिखलात कातड्याचा सोल फुगतो, म्हणून फोमचा बरा. आणि घरातही अनवाणी राहू नका. स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना खपणार नाही, हे आम्ही जाणतो. घरासाठी वेगळी धुतलेली जोडी ठेवा, सासूबाईंची टाचही दुखत असेलच, एक जोडी त्यांनाही आणा.

बिनपैशाचा उपाय असा. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हातानं नडगीकडं ओढा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. पोटरीचा ताणही भिंतीला हात टेकून काढा. बहुतेकांचं दुखणं यानं आणि सोलनं काही महिन्यांत उतरतं. वर्षही लागतं कधी.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि फार महत्त्वाची. काटा रुतला तरी कळत नसेल, पाय बधिर असेल, तर ते साधं दुखणं नव्हे. साखरेची तपासणी करा, कुष्ठरोगाची करा. लाजू नका. तमिळनाडूत जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायाला जखमा होतात त्या एकाच जागी दाब पडत राहिल्यानं, हे त्यांनी दाखवलं. बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल त्याच कामातून पुढं आली. बधिर पायाच्या कुष्ठरुग्णांना ती सरकारी कार्यक्रमातून मिळते, मागून घ्या. अशा पायाला दुकानातला कडक सोल घालू नका, डॉक्टरनं सांगितलेलाच घाला. रोज रात्री तळवा आरशात बघा.

जेवणानंतर ज्यांची टाच दुखते त्यांनी ओसरीवर थांबावं. पाय भिजवून फरशीवर ठसा कसा पाहायचा आणि तो ताण कसा काढायचा, ते करून दाखवू. तालुका कार्यकर्त्यांनी गावनिहाय नावं वहीत उतरवून घ्यावीत, मागणीच्या पत्राला ती यादी जोडायची आहे.