रिपोर्टमधलं शून्य
(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी तिघींनी मला गाठून एकच विचारलं, "मॅमोग्राफी करायची का गं? दुखतं का?" म्हणून संयोजकांकडून पाच मिनिटं मागून घेतली.

दुखतं, थोडं. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात. तो पसरला की कमी क्ष-किरणांत चित्र स्पष्ट येतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि आम्ही नेमके तेच ठिपके शोधत असतो. काही कर्करोग हाताला गाठ लागण्याआधी अशा बारीक कणांच्या पुंजक्यावरूनच कळतात. अर्थात बहुतेक कण निरुपद्रवी असतात.

स्तन दाट असेल तर मात्र पंचाईत. ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. धुक्यात बगळा शोधायचा! तिथे सोनोग्राफी मदतीला येते. गाठ पाण्याची की भरीव, हे ती सांगते. पण ते बारीक कण तिला नीट दिसत नाहीत. तेव्हा "सोनोग्राफी झालीय, आता मॅमोग्राफी कशाला?" असं म्हणू नका. एमआरआय मुख्यतः बीआरसीए जनुकदोषासारखा मोठा धोका असलेल्यांसाठी. सरसकट सगळ्यांना नको.

रिपोर्टवर 'बायरॅड्स' असा आकडा असतो. शाळेत शून्य मिळालं की घरी काय व्हायचं ते आठवतंय ना? इथे शून्य म्हणजे फक्त 'चित्र अपुरं, आणखी तपासा'. तीन म्हणजे बहुधा साधी गाठ, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. चार किंवा पाच आला की सुईने तुकडा काढून तपासायचा. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी फार ऐकते आणि मला त्याचा राग येतो, कारण त्या भीतीपायी बायका महिनेच्या महिने घालवतात. त्या महिन्यांत आजार वाढतो, सुईने नव्हे.

मशीन जवळ नसेल तर? टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. आपण सगळ्या आता पन्नाशीपुढच्याच!

आणि हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी गप्प बसू नका. मित्रांनो, हे तुम्हालाही लागू आहे; पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित.

जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत देऊ नका. पुढच्या वेळी सोबत न्या, डॉक्टर आधी त्याच मागतील.